पेमेंट पुन्हा पुन्हा नाकारलं जातंय? यंत्रणा काय पाहते आणि तपास कुठून सुरू करायचा

कार्ड चालू आहे, खात्यात पैसे आहेत, आकडे नीट बघून घातलेत, तरी पडद्यावर 'व्यवहार नाकारला' असं येतं. दुसऱ्यांदा केलं, तेच. तिसऱ्यांदा केल्यावर साइट लॉग-इनही करू देत नाही, किंवा कार्ड तात्पुरतं बंद केल्याचा बँकेचा मेसेज येतो. गोव्यात डिचोलीला आमच्या सेवा केंद्रावर येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात चिवट. चवथीआधी मुंबईच्या मंडळींची तिकिटं काढायची असतात, मोसम सुरू होताना होमस्टेवाल्यांना बुकिंग साइटचं कमिशन भरायचं असतं, जूनमध्ये मुलांच्या फिया असतात. माणूस घाईत असतो आणि नेमकं तेव्हाच पेमेंट अडतं.

हा योगायोग नाही. घाईत आपण नेहमीसारखे वागत नाही. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून, रात्री उशिरा, पहिल्यांदाच उघडलेल्या साइटवर, नेहमीपेक्षा मोठी रक्कम भरायला बसतो. बँका आणि पेमेंट कंपन्यांच्या फसवणूक पकडणाऱ्या यंत्रणा हाच वेगळेपणा मोजतात. "पैसे माझे, कार्ड माझं, मग मशीनला त्रास कसला?" असं लोक तावातावाने विचारतात आणि त्यांचा राग रास्त आहे. पण यंत्रणेला तुम्ही दिसत नाही. तिला दिसतो एक ब्राउझर, एक आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक), बोटांचा वेग आणि त्या खात्याचा आजवरचा इतिहास. पूर्वी गावच्या शाखेतला कॅशियर चेहरा ओळखायचा आणि तुमचं पासबुक घेऊन अनोळखी माणूस आला तर दोन प्रश्न विचारायचा. तेच काम आता आकडेमोड करते, आणि तिच्याकडे त्यासाठी सेकंदाहून कमी वेळ असतो.

म्हणून सगळ्यात आधी थांबा. लगेच पुन्हा 'पे' दाबू नका. चोरलेले कार्ड नंबर चालतात का हे तपासणारे लोक नेमकं हेच करतात. एकाच यंत्रावरून थोड्या वेळात अनेक प्रयत्न, रक्कम कमी-जास्त करून, एक कार्ड नाही तर दुसरं. त्यामुळे एका कार्डावर, एका यंत्रावर आणि एका आयपी पत्त्यावर ठरावीक वेळात किती प्रयत्न झाले याची मोजणी जवळजवळ प्रत्येक यंत्रणा ठेवते. तुमचा प्रत्येक फसलेला प्रयत्न पुढच्या प्रयत्नाच्या विरुद्ध बाजूला जमा होतो. पहिला नकार कदाचित किरकोळ कारणाने आलेला असतो. चौथा येतो तो आधीच्या तिघांमुळे.

'नाही' कोण म्हणालं?

हे कळल्याशिवाय केलेला कुठलाही उपाय अंदाजपंचे. कार्डाने पैसे भरताना निदान चार जण मधे असतात: ती साइट, तिचा पेमेंट गेटवे (साइटसाठी पैसे गोळा करणारी मधली कंपनी), कार्डाचं नेटवर्क (व्हिसा, रूपे वगैरे) आणि तुमची बँक. चौघांपैकी कोणीही अडवू शकतं.

ओटीपीचं पान उघडलंच नाही आणि आधीच नकार आला, तर बहुधा साइटने किंवा गेटवेने अडवलं. ओटीपी घातला, तो मान्य झाला आणि त्यानंतर नकार आला, तर बोट बँकेकडे जातं. बँकेचा नकाराचा मेसेज आला असेल तर प्रश्नच मिटला, तिथे बहुधा कारणही लिहिलेलं असतं. मेसेज नाही, बँकेच्या ॲपमध्ये प्रयत्नाची नोंदही नाही, म्हणजे व्यवहार बहुधा बँकेपर्यंत पोचलाच नाही. अशा वेळी बँकेच्या हेल्पलाइनवर तास घालवून उपयोग नाही, कारण त्यांच्यासमोर काहीच दिसत नाही. परदेशी साइटवर मात्र ही खूण चालत नाही. तिथे अनेकदा ओटीपी मागतच नाहीत.

कधी कधी पडद्यावर किंवा मेसेजमध्ये दोन आकडी कोड दिसतो. तो टिपून ठेवा. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपलेली. ६१ रकमेची मर्यादा ओलांडल्याचा, ६५ फार वेळा वापरल्याचा. ५९ म्हणजे फसवणुकीचा संशय. ९१ आला तर बँकेची यंत्रणाच त्या वेळी उत्तर देत नव्हती, तुमचा काही संबंध नाही. सगळ्यात त्रासदायक ०५, कारण त्याचा अर्थ एवढाच की बँक नाही म्हणतेय, आणि का ते सांगत नाही. यूपीआयवर यू१६ दिसला तर जोखमीची मर्यादा ओलांडली असा त्याचा अर्थ.

आणखी एक कोड ५७, म्हणजे या कार्डावर अशा व्यवहाराला परवानगी नाही. त्यावर थोडं थांबू, कारण यात लोक सगळ्यात जास्त दमतात आणि उपाय सगळ्यात सोपा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवीन किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार तुम्ही स्वतः चालू करायचे असतात. कार्डाची मुदत संपली, पोस्टाने नवं आलं, जुन्यावर सगळं चालायचं म्हणून यावरही चालेल असं आपण धरून चालतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय ही दोन बटणं आणि प्रत्येकाखालची रकमेची मर्यादा बघा. बुकिंग साइटचं कमिशन परदेशी कंपनीच्या नावावर जात असेल तर रक्कम रुपयांत दिसली तरी व्यवहार परदेशी धरला जाऊ शकतो.

हे सगळं ठीक असेल आणि तरी अडत असेल, तर मामला तुमच्या ब्राउझरचा आणि वागण्याचा आहे.

पान उघडल्यापासून काय टिपलं जातं

ऑनलाइन कार्ड पेमेंटमागे, कार्ड तुम्हीच वापरताय ना हे पडताळणारी, थ्रीडी सिक्युअर नावाची पद्धत असते. तिची दुसरी आवृत्ती ईएमव्हीको या संस्थेने २०१६ मध्ये आणली आणि तिच्यात मोठा बदल झाला. पूर्वी बँकेकडे मुख्यतः कार्ड नंबर, रक्कम आणि ओटीपी जायचा. आता साइटकडून बँकेकडे तुमच्या ब्राउझरची माहितीही जाते. त्यात आयपी पत्ता, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, भाषा, पडद्याची रुंदी आणि उंची, रंगांची खोली आणि वेळेचा पट्टा (टाइम झोन) असतो. हा पट्टा मिनिटांत लिहिलेला असतो. भारतीय वेळेसाठी उणे ३३०, दुबईसाठी उणे २४०. आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या मुलाचा लॅपटॉप घरात वापरला आणि त्याची वेळ तिकडचीच राहिली असेल, तर आयपी भारतातला आणि घड्याळ दुबईचं असं चित्र बँकेपुढे जातं. तेवढ्यावरून कोणी नकार देणार नाही, पण शंकेच्या बाजूला एक गुण पडतो. गुणांची बेरीज महत्त्वाची. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: तारीख, वेळ आणि पट्टा 'आपोआप'वर ठेवा.

या बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की ब्राउझर ओळखू येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये चार लाख सत्तर हजारांच्या आसपास ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. तेही कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, न वापरता. पुढे याच्यात आणखी भर पडली. पानावर न दिसणारं एक चित्र काढायला लावून ते यंत्र कसं काढतं त्यातला सूक्ष्म फरक बघणं, बसवलेल्या फॉन्टची यादी, ग्राफिक कार्डाचं नाव. याच तंत्राने जाहिरातवाले आपल्या मागे फिरतात आणि ते मला मुळीच पटत नाही. पण बँकेच्या पानावर तीच ओळख तुमच्या बाजूने उभी राहू शकते. ज्या फोनवरून तुम्ही दोन वर्षं वीजबिल भरताय, त्या फोनची ओळख हाच तुमचा सगळ्यात मोठा भरवसा आहे.

म्हणून गुप्त खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, पेमेंट करू नका. 'सुरक्षित असतं' म्हणून बरेच जण मुद्दाम तसं करतात. तिथे आधीच्या कुकी नसतात, त्यामुळे यंत्रणेला तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच आलेले पाहुणे वाटता. दर आठवड्याला इतिहास आणि कुकी पुसून टाकणाऱ्यांचंही तेच होतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्राममधली लिंक दाबल्यावर त्या ॲपच्या आतच जे पान उघडतं, त्याचा तुमच्या नेहमीच्या ब्राउझरशी संबंध नसतो. लिंक क्रोममध्ये किंवा सफारीमध्ये उघडून मग पैसे भरा. फोनवर 'डेस्कटॉप साइट' चालू राहिली असेल तर ती बंद करा. ब्राउझर म्हणतो मी संगणक, पडद्याचं माप सांगतं मी फोन. अशी विसंगती बनावट यंत्रांत नेहमी सापडते.

राहता गोव्यात, दिसता पुण्यात

हा भाग आपल्याकडचा खास आहे. दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच क्षेत्र आहे, मुंबई तेवढी वेगळी. मोबाइल डेटावर तुमचा आयपी पत्ता जवळच्या टॉवरवरून ठरत नाही. कंपनीचं नेटवर्क जिथे इंटरनेटला जोडलं जातं तिथून तो ठरतो. त्यामुळे साखळीत किंवा वाळपईत बसलेला माणूस आयपीवरून पुण्यात, मुंबईत किंवा आणखी कुठे दिसू शकतो. शिवाय एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यांपैकी कोणी उद्योग करून ठेवले असतील तर त्या पत्त्याची बदनामी तुमच्याही वाट्याला येते.

बँकांना हे माहीत असतं. नुसता पुण्याचा आयपी दिसला म्हणून भारतीय बँक दचकत नाही. अडचण येते ती बाकीच्या गोष्टी जुळत नसल्या की. फोनचं जीपीएस पेडणे सांगतं, आयपी मुंबई सांगतो, बिलाचा पत्ता जुन्या नोकरीच्या वेळचा ठाण्याचा आहे आणि सामान जायचंय मडगावला. परदेशी साइट तर बिलाचा पिनकोड आणि आयपीचं शहर यांची तुलना करू शकते. कार्डावरचा पत्ता बँकेत बदलून घेतला नसेल तर आधी तो बदला. हे कंटाळवाणं काम आहे, पण वारंवार येणाऱ्या नकारावर याच्याइतका टिकाऊ उपाय मी पाहिलेला नाही.

दर काही मिनिटांनी वायफायवरून डेटावर आणि परत वायफायवर उडी मारणारा फोन हे दुसरं कारण. पावसाळ्यात वीज गेली की घरोघरी हेच चालतं. पान वायफायवर उघडलं, राउटर बंद पडला, ओटीपी डेटावरून गेला. एकाच व्यवहारात मधेच आयपी बदलला, म्हणजे चालू सत्र दुसऱ्याने हिसकावलं असं यंत्रणेला वाटू शकतं. वीज जायची चिन्हं असतील तर वायफाय बंद करून सुरुवातीपासून डेटावरच बसा.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून खरा आयपी लपवणारं ॲप, चालू असेल तर बंद करा, यात दुसरं मत नाही. 'सर्व्हर इंडिया निवडलाय' हे उत्तरही पुरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे आदेश काढल्यावर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर बंद केले, आणि त्यांचा 'इंडिया' आता सिंगापूरसारख्या ठिकाणाहून चालतो. अशा सर्व्हरांचे पत्ते फसवणूकविरोधी यंत्रणांच्या याद्यांत आधीच असतात.

आणि आपल्याकडची ती घरं, जिथे मुलगा शिपवर आहे किंवा इंग्लंडमध्ये कामाला आहे, आणि खातं इकडे वडील चालवतात. पासवर्ड दोघांकडे. सकाळी वडिलांनी डिचोलीतून लॉग-इन केलं, तासाभराने मुलाने लंडनहून केलं. इतक्या कमी वेळात कोणी एवढा प्रवास करू शकत नाही, हा फसवणूक ओळखण्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा नियम आहे. समुद्रावर तर आणखी गोंधळ. जहाजावरचं इंटरनेट उपग्रहावरून येतं आणि आयपी दुसऱ्याच देशाचा दिसू शकतो, जहाज कुठेही असो. अशा घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पासवर्ड वाटून घेऊ नका. खातं संयुक्त करा किंवा बँकेत रीतसर अधिकारपत्र द्या आणि प्रत्येकाचं लॉग-इन वेगळं ठेवा. एकदा खातं गोठलं की ते उघडायला ज्याच्या नावावर आहे त्यालाच बोलावतात, आणि तो माणूस सहा महिने बोटीवर असतो.

बोटं, थांबणं, वाचणं

काही बँका आणि मोठ्या साइट तुम्ही काय टाइप करता याच्याबरोबर कसं टाइप करता तेही बघतात. कळ किती वेळ दाबलेली राहते, एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागतो, माउस सरळ रेषेत जातो की माणसासारखा वळणं घेत, फोन हातात किती कलतो. आपलं नाव आणि जन्मतारीख माणूस न थांबता लिहितो. चोरलेल्या यादीतून बघून लिहिणारा तिथेच अडखळतो, किंवा सरळ चिकटवतो. उलट, साइटची पानं नेहमीच्या गिऱ्हाइकापेक्षा चोर जास्त सराईतपणे फिरतो, कारण तो तोच फॉर्म दिवसभर भरत असतो. नाव लिहिताना अडखळणारा आणि फॉर्ममध्ये मात्र वाऱ्यासारखा पळणारा, हे जोडचित्र यंत्रणेला नेमकं ओळखता येतं.

याचा फटका कोणाला बसतो? वडिलांच्या खात्यावरून मुलगी पैसे भरते तेव्हा. एका बोटाने टाइप करणाऱ्या आजोबांच्या खात्यात अचानक दहा बोटं चालू लागतात. आणि व्हॉट्सॲपवर आलेला कार्ड नंबर कॉपी करून चिकटवणाऱ्यांना. (कार्ड नंबर व्हॉट्सॲपवर पाठवू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.) ज्याचं खातं त्यानेच, सावकाश का होईना, स्वतःच्या हाताने भरलेलं बरं. सावकाशपणाला यंत्रणा घाबरत नाही, अनोळखी हाताला घाबरते.

काही साइट तर पैशाच्या पानाआधीच तुम्हाला तोलतात. २०१८ मध्ये आलेली रीकॅप्चाची, म्हणजे समोर माणूस आहे की रोबो ते ओळखणाऱ्या गुगलच्या सेवेची, तिसरी आवृत्ती चित्रं ओळखायला लावत नाही. ती मागे बसून तुमचं वागणं बघते आणि शून्य ते एक असा गुण साइटला कळवते. एकच्या जवळ म्हणजे माणूस, शून्याच्या जवळ म्हणजे रोबो. किती गुणाला अडवायचं ते साइट ठरवते. गर्दीच्या वेळी तिकिटाच्या साइटवर पान दर सेकंदाला ताजं करत राहणं, एकाच खात्याने तीन टॅबमध्ये बसणं, आपोआप फॉर्म भरणारी एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायची छोटी ॲप) लावणं, हे सगळं रोबोच्या बाजूला जातं. रेल्वेच्या तत्काळ बुकिंगमध्ये दलालांच्या अशाच सॉफ्टवेअरमुळे जुलै २०२५ पासून आधारची पडताळणी आली. चवथीची तिकिटं काढणार असाल तर ती पडताळणी आठवडाभर आधी उरकून ठेवा, एका ब्राउझरमध्ये एकाच टॅबवर बसा आणि जाहिराती अडवणारी एक्स्टेंशन तेवढ्यापुरती बंद करा, कारण ती मोजणीची स्क्रिप्टच चालू देत नाही आणि मोजता न आलेला माणूस संशयित ठरतो.

एक नकार मात्र कधीही मोडून काढू नका. पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप चालू असताना, किंवा फोनवर लांबलचक कॉल चालू असताना बँकेचं ॲप अडलं, तर ते बरोबर अडलंय. एनीडेस्कसारख्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. समोरचा कितीही गोड बोलत असो, पोलीस म्हणवून घेत असो, फोन ठेवा, ॲप काढा, मग बँकेत जा.

सेवा केंद्र, कॅफे, होमस्टेचं वायफाय

आमच्यासारख्या केंद्रावरच्या संगणकावरून दिवसभरात कितीतरी वेगवेगळ्या लोकांची कार्डं चालतात. यंत्रणेच्या नजरेत एक यंत्र आणि अनेक कार्डं म्हणजे चोराचा अड्डा. यात केंद्रवाल्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही, पण परिणाम तुम्हाला भोगावा लागतो. म्हणून फॉर्म आमच्याकडे भरा, पैसे मात्र स्वतःच्या फोनवरून द्या. बहुतेक साइटवर पेमेंटच्या पानावर क्यूआर येतो, तो आपल्या फोनने स्कॅन करायचा. नवा फोन घेतला असेल तर यूपीआय सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांची मर्यादा असते. फीच्या शेवटच्या दिवशी फोन बदलू नका.

होमस्टेवाल्यांसाठी वेगळं एक. पाहुण्यांना दिलेल्या वायफायवरच तुमचं बँकेचं काम करू नका. रशियन, इस्रायली, इंग्रज पाहुणे त्याच आयपीवरून आपापल्या देशाची खाती उघडतात, व्हीपीएन लावतात, आणि त्या पत्त्याची ओळख कशी बनते ते तुमच्या हातात राहत नाही. पाहुण्यांचं नेट आणि घरचं नेट यांची जोडणीच वेगळी घ्या. एकाच राउटरवर दोन नावं ठेवून भागत नाही, कारण बाहेरून आयपी एकच दिसतो. तुमची स्वतःची बुकिंग साइट असेल आणि खऱ्या पाहुण्यांची पेमेंट अडत असतील, तर गेटवेच्या डॅशबोर्डवर नकाराचं कारण बघा आणि 'परदेशी कार्ड बंद' असा सरसकट नियम लागलेला नाही ना ते तपासा. गोव्यात पाहुण्याचं कार्ड एका देशाचं, आयपी भारताचा आणि फोन नंबर तिसऱ्याच देशाचा असणं हे रोजचं आहे. गेटवेवाल्यांना हे तुमच्या तोंडून कळवावं लागतं.

बँकेशी बोलताना

'पेमेंट होत नाही' एवढं सांगितलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: थोड्या वेळाने प्रयत्न करा. त्याऐवजी तारीख, वेळ, रक्कम, साइटचं नाव, कोड, ओटीपी आला की नाही, एवढं सांगा आणि थेट विचारा: हा व्यवहार तुमच्या जोखीम तपासणीने नाकारला का, आणि कार्डावर किंवा माझ्या प्रोफाइलवर अजून अडवणूक आहे का? अडवणूक असेल तर तुमची ओळख पटवून ती काढतात आणि मग ठरलेल्या वेळी त्याच यंत्रावरून एकदाच प्रयत्न करायला सांगतात. तो एक प्रयत्न घरच्या नेटवरून, नेहमीच्या फोनवर करा. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत ठिकाण, यंत्राची माहिती, ग्राहकाची वागण्याची पद्धत आणि जुना इतिहास यांवरून जोखीम तपासायला बँकांना स्पष्ट मुभा आहे. म्हणजे ही तपासणी वाढणार आहे आणि हा प्रश्न विचारायची सवय लागायला हवी.

हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागच्या बाजूचाच घ्या, किंवा बँकेच्या ॲपमधला. गुगलवर 'पेमेंट फेल कस्टमर केअर' शोधून सापडलेल्या नंबरावर कधीही फोन करू नका. पेमेंट अडून हैराण झालेला माणूस शोधतच येणार हे ओळखून चोरांनी असे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा 'तपासण्यासाठी' ॲप टाकायला सांगतो आणि त्यापुढचं वर लिहिलंच आहे. असं काही घडून पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही लगेच कळवा. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले असतील, तर २०१७ च्या नियमाप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून तिथे मिनिटाला किंमत आहे.

पैसे कापले गेले आणि साइटला मिळाले नाहीत, तर घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे ऑनलाइन कार्ड व्यवहारात आणि दुकानदाराला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. लेखी तक्रार करताना या भरपाईचा उल्लेख करा. उत्तर ३० दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. बँकेने दिलेला तक्रार क्रमांक तिथे मागतात, म्हणून पहिल्या फोनलाच तो मागून घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा.